घरातली हवा सुधारायची? मशीन सगळ्यात शेवटी घ्या

दिवाळी सरली की मुंबई-पुण्यात हवेचा निर्देशांक चढू लागतो आणि एअर प्युरिफायरच्या जाहिरातीही वाढतात. दहा-पंधरा हजार मोजण्याआधी एक काम करा. तुमच्या घरात धूर, धूळ, ओल आणि वास नेमके कुठून येतात ते बघा. यातलं बरंचसं घरातच तयार होतं आणि ते थांबवायला फारसे पैसे लागत नाहीत. क्रम असा ठेवा: आधी उगम बंद, मग हवा बाहेर काढण्याची सोय, आणि तरीही गरज उरली तर मशीन. दुकानदार हा क्रम उलटा सांगेल. खाली दिलेले भाव मोठ्या शहरांतले आणि साधारण आहेत. गावागणिक थोडा फरक पडेल.

खिडकी कधी उघडायची

उठल्या उठल्या खिडक्या उघडायची सवय पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात चांगली आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मात्र ती बदला. थंडीत रात्री आणि सकाळी गार हवा जमिनीलगत बसून राहते, आणि रस्त्यावरचा धूर, कचरा जाळल्याचा धूर, बांधकामाची धूळ तिच्यात अडकते. ऊन तापलं की ती वर जाते. म्हणून हिवाळ्यात दुपारी १२ ते ४ ही वेळ निवडा. समोरासमोरच्या दोन खिडक्या, किंवा एक खिडकी आणि दार, १०-१५ मिनिटं एकदम उघडा. एकच खिडकी दिवसभर अर्धवट उघडी ठेवण्यापेक्षा याचा फायदा जास्त होतो.

निर्देशांक बघण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ॲप फुकट आहे. आकडा १०० च्या आत असेल तर खिडक्या बिनधास्त उघडा. २०० च्या वर गेला तर फक्त दुपारी, थोडा वेळ. हवा ठीक असल्याचं समीर दाखवतं आणि कुठलं तरी परदेशी ॲप वाईट दाखवतं, असं होऊ शकतं. मोजण्याची पट्टी देशागणिक वेगळी असते. एकच ॲप धरून चाला.

झाडूने उडणारी बारीक धूळ बराच वेळ हवेत तरंगत राहते. आधी पंख्याची पाती, मग कपाटांचे वरचे भाग आणि शेवटी फरशी, हे सगळं ओल्या फडक्याने पुसा. मायक्रोफायबरचं फडकं ५० ते १५० रुपयांना मिळतं. कामाला येणाऱ्या मावशींना कोरडा झाडू मारायच्या आधी खिडकी उघडायला सांगा. ती धूळ सगळ्यात आधी त्यांच्याच नाकात जाते.

कॉइल, उदबत्ती, धुरी

डासांची कॉइल घरात लावत असाल तर हा परिच्छेद आधी वाचा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एका कॉइलमधून निघणारे अतिसूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघणाऱ्या कणांइतके भरले होते. बंद खोलीत, रात्रभर, पाळण्याजवळ कॉइल जळत ठेवणं म्हणजे काय, ते यावरून समजा. पर्याय सोपे आहेत. पलंगाची मच्छरदाणी ४०० ते १,००० रुपये. खिडकीला वेल्क्रोची जाळी साधारण ५० ते १०० रुपये चौरस फूट. सरकत्या ॲल्युमिनियम चौकटीतली किंवा घडीची जाळी त्याच्या दुप्पट-चौपट. छुपा खर्च असा की बरेच जाळीवाले खिडकी लहान असली तरी ठरावीक चौरस फुटांचं किमान बिल लावतात. माप घ्यायच्या आधीच हे विचारा. भाड्याच्या घरात वेल्क्रोची जाळीच बरी. भोकं पाडावी लागत नाहीत आणि घर सोडताना काढून नेता येते. लिक्विड मशीनमध्ये धूर नसतो, पण औषध असतंच. ते लावून खोली पूर्ण बंद करू नका.

उदबत्ती आणि धूप याबद्दल स्पष्ट सांगते. पूजा बंद करा असं कुणी म्हणत नाही. उदबत्ती खिडकीपाशी लावा, एकच लावा, आरती झाली की विझवा. ‘ऑर्गॅनिक’, ‘कोळसाविरहित’ लिहिलेल्या पुड्याला दुप्पट पैसे देऊ नका. जे जळतं त्याचा धूर होतोच. घरात दमेकरी असेल तर समई आणि फुलं पुरेशी आहेत.

आता धुरी. बाळ-बाळंतिणीला ओवा, वावडिंग, बाळंतशेपा निखाऱ्यावर टाकून धुरी देण्याची पद्धत अजूनही पुष्कळ घरांत आहे. आजी ते प्रेमाने करतात, म्हणून सुनांना बोलता येत नाही. नवजात बाळाची फुप्फुसं अगदी नाजूक असतात. बंद खोलीतला धूर त्यांना झेपत नाही, आणि धुमसत्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइडही निघतो. शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी बाळंतिणीला द्या, बाळाला नाही. बाळाच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडून ‘धुरी नको’ असं आजींच्या समोरच बोलून घ्या. घरातला वाद तिथेच मिटतो.

बाळाच्या जुन्या कपड्यांत ठेवलेल्या डांबरगोळ्याही काढून टाका. नॅफ्थलीनच्या वासाने काही बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात. जी६पीडी नावाच्या घटकाची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना हा धोका मोठा असतो, आणि ती कमतरता तपासणी केल्याशिवाय कळत नाही. त्याऐवजी कडुनिंबाचा वाळवलेला पाला ठेवा. पेटीतून काढलेले कपडे बाळाला घालण्याआधी धुऊन उन्हात वाळवा.

स्वयंपाकघर: पंखा की चिमणी

मिरचीच्या फोडणीने हॉलमध्ये बसलेल्या माणसाला ठसका लागत असेल, तर तुमच्या स्वयंपाकघरातली हवा बाहेर जात नाही. नऊ ते दहा इंची एक्झॉस्ट फॅन १,२०० ते २,५०० रुपयांत मिळतो. बसवायचे ३०० ते ५००. खिडकीच्या काचेत जागा करायची असेल तर काचवाल्याचे वेगळे ३०० ते ८००. पंखा तेल तापायच्या आधी सुरू करा आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटांनी थांबवा. काम करतो की नाही हे बघायला वर्तमानपत्राचा कपटा पंख्याच्या आतल्या जाळीवर धरा. कपटा चिकटून राहिला तर पंखा हवा ओढतोय. खाली पडला तर पात्यांवर तेलकट चिकटा साचलाय, किंवा पंखा उलटा बसवलाय. दोन्ही गोष्टी सर्रास दिसतात.

चिमणी घ्यायची तर आधी एकच प्रश्न विचारा: पाइप बाहेर जाणार का? बिनपाइपची चिमणी तेल आणि वास थोडा पकडते आणि बाकी हवा, ज्वलनाच्या वायूंसकट, पुन्हा तुमच्याच स्वयंपाकघरात सोडते. माझं मत विचाराल तर तिच्यावर १० हजार घालवण्यापेक्षा दीड हजाराचा पंखा चांगला. पाइपवाली चिमणी साधारण १० ते २० हजारांत येते. ‘इन्स्टॉलेशन फ्री’ लिहिलेलं असलं तरी पाइप, बाहेरचं झाकण, भिंतीला भोक पाडणं, जुनं प्लग पॉइंट हलवणं हे सगळं वेगळं लागतं. मिळून दीड ते चार हजार सहज होतात. हा आकडा खरेदीआधी लेखी मागा, निदान व्हॉट्सॲपवर. पाइप जितका छोटा आणि सरळ तितकी ओढ चांगली. दोनपेक्षा जास्त वळणं घेऊ देऊ नका. बाहेरच्या भिंतीला भोक पाडायचं तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या. तुळई आणि खांब यांना हातही लावू देऊ नका. ‘ऑटो क्लीन’ चिमणीलाही तेलाची वाटी रिकामी करावी लागते. जाळीची चिमणी असेल तर दर पंधरवड्याला गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने जाळी धुवा. त्यासाठी वर्षाचा सर्व्हिस करार घ्यायची गरज नाही.

शेगडीची ज्योत निळी हवी. पिवळी होऊन पातेल्याचं बूड काळं करत असेल तर गॅस नीट जळत नाहीये. बर्नर उकळत्या पाण्यात भिजवा, भोकं टाचणीने मोकळी करा. तरीही पिवळी राहिली तर वितरकाकडचा मेकॅनिक बोलवा, ३०० ते ६०० रुपये होतात. ‘गॅस एजन्सीकडून आलोय, तपासणी सक्तीची आहे’ म्हणून दारात येणाऱ्या माणसाला तुमच्या वितरकाला फोन करून खात्री केल्याशिवाय आत घेऊ नका. पावतीशिवाय नळी किंवा रेग्युलेटर विकत घेऊ नका. गॅसगळतीची शंका आली तर दिवा, पंखा, कुठलंच बटण दाबू नका. सिलिंडर बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर जाऊन १९०६ ला फोन लावा.

गॅस गिझर: इथे काटकसर नको

बाथरूमच्या आत गॅस गिझर, खिडकी बंद, दार बंद. यातून महाराष्ट्रात दर हिवाळ्यात माणसं दगावतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं आणि माणूस दार उघडायच्या आत कोसळतो. एअर प्युरिफायर हा वायू पकडत नाही. त्यामुळे तो विकत घेऊन निर्धास्त होऊ नका.

गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या बाल्कनीत किंवा डक्टच्या बाजूला बसवा. जागा बदलायचे प्लंबरचे दीड ते तीन हजार होतात. हा खर्च पुढच्या महिन्यावर टाकू नका. तोपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, हवा जाऊ द्या, मग आंघोळीला जा. ‘वर एक छोटा झरोका आहे’ एवढ्यावर विसंबू नका, थंडीत त्यावर पुठ्ठा लावलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दीड ते साडेतीन हजारांत मिळतो. घेताना खोक्यावर तसं स्पष्ट लिहिलंय का ते बघा. धुराचा किंवा एलपीजीचा अलार्म वेगळा असतो. विजेच्या गिझरला हा धोका नाही. नवीन घेणार असाल तर तोच घ्या.

याच विषयातली आणखी एक सूचना. टॉयलेट क्लीनर आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. दोन्ही एकदम टाकून ‘चकाचक’ करून देणारे सफाईवाले असतात, त्यांना थांबवा.

ओल आणि बुरशी: कोणी पैसे द्यायचे

कोकणात आणि मुंबईत हा सगळ्यात महागडा भाग, आणि सगळ्यात जास्त फसवणूकही इथेच होते. आतल्या भिंतीला ‘वॉटरप्रूफ’ रंग लावून ओल थांबत नाही. पाणी बाहेरून किंवा वरून येत राहतं आणि एका पावसाळ्यात रंगाचे पोपडे निघतात. उगम शोधल्याशिवाय रंगाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा सामायिक पाइपातून गळत असेल तर सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायला हवी. वरच्या मजल्यावरच्या संडास-बाथरूममधून किंवा सिंकमधून गळत असेल तर खर्च त्या सभासदाचा. तोंडी बोलत बसू नका. तारखेसह फोटो जोडून सेक्रेटरींना पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने किंवा ई-मेलने पाठवा.

इमारत नवी असेल तर तुमची बाजू आणखी भक्कम आहे. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष लेखी कळवला, तर बिल्डरने ३० दिवसांत, पैसे न घेता तो दुरुस्त करायचा असतो. कागद लागतात ते हे: नोंदणीकृत करारनामा, ताबापत्र, फोटो, आणि बिल्डरला दिलेल्या पत्राची पोच. पाचवं वर्ष संपत आलं असेल तर हे पत्र आजच लिहा.

तोवर हवा सांभाळायची ती अशी: कपाटं भिंतीपासून दोन-तीन इंच सरकवा. ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका. आंघोळीनंतर बाथरूमचं दार बंद ठेवून तिथला पंखा चालवा. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ३०० ते ५०० रुपयांना मिळतं. आकडा ६० टक्क्यांच्या आत ठेवायचा. एसी असेल तर त्याचं ‘ड्राय’ बटण पावसाळ्यात वापरा. फुकट आहे आणि बरेच जण ते कधीच दाबत नाहीत. बुरशीचा हातभर डाग असेल तर मास्क आणि हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने पुसा आणि नीट वाळू द्या. अख्खी भिंत काळी झाली असेल तर माणूस बोलवा. दमेकऱ्याला त्या दिवशी घरात ठेवू नका.

एसी आणि कबुतरं

स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा फिरवतो. चारजण दार लावून झोपत असाल तर दाराला दोन बोटं फट ठेवा. एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा. दहा मिनिटांचं काम आहे. सर्व्हिसिंगचे ५०० ते ८०० होतात. त्यातला नेहमीचा चकवा म्हणजे ‘गॅस कमी झालाय, भरावा लागेल’, आणि बिल अडीच-तीन हजार. एसीतला गॅस वापरून संपत नाही. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे. गळती कुठे ते दाखवायला सांगा आणि दाबाचा आकडा भरण्याआधी आणि भरल्यानंतर बघा. गळती न बुजवता भरलेला गॅस पुन्हा जातो.

बाल्कनीतल्या कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ सतत छातीत गेली तर काही जणांना फुप्फुसांचा गंभीर, कधी न भरून येणारा आजार होतो. २०२५ मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यामागे हेच कारण होतं. विष्ठा कोरडी खरवडू नका. पाणी शिंपडून ओली करा, एन-९५ मास्क लावा, मग पुसा. जाळी बसवायला साधारण १५ ते ४० रुपये चौरस फूट लागतात. मजला उंच असेल, हूक स्टीलचे असतील, तर वेगळे. जाळीची जाडी आणि हमीची वर्षं बिलावर लिहून घ्या.

शेजारी बांधकाम असेल तर मुंबई महापालिकेच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे भूखंडाभोवती उंच पत्रे (मोठ्या प्रकल्पांना किमान ३५ फूट), इमारतीवर हिरवं कापड आणि पाण्याची फवारणी बंधनकारक आहे. यातलं काही नसेल तर फोटो काढा आणि १९१६ वर तक्रार नोंदवा. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या.

आता मशीन

वरचं सगळं केलं आणि घर मोठ्या रस्त्यालगत आहे, किंवा घरात दमेकरी, तान्हं बाळ, हृदयरोगी आहे, तर प्युरिफायर घ्या. अख्ख्या घरासाठी नको, झोपायच्या खोलीसाठी घ्या. खोक्यावर दोन गोष्टी बघा. एक, फिल्टर ‘हेपा’, शक्यतो एच-१३ दर्जाचा. ‘हेपा टाइप’, ‘हेपा लाइक’ असेल तर ठेवून द्या. दोन, सीएडीआरचा आकडा, म्हणजे ताशी किती घनमीटर हवा साफ होते. हिशेब सोपा आहे. १० बाय १२ फुटांची, साडेनऊ फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३२ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा साफ व्हायला हवी, म्हणजे किमान १६० सीएडीआर लागतो. ‘५०० चौरस फुटांपर्यंत’ या जाहिरातीतल्या आकड्याकडे लक्ष देऊ नका. तासाला एखाद-दोनदा हवा फिरली तरी तो आकडा काढता येतो.

तीन वर्षांचा खरा खर्च मांडून बघा. मशीन १०,०००. फिल्टर वर्षाला एक, समजा २,५०० रुपयांचा, पहिला मशीनसोबत येतो, म्हणून दोन बदलले तर ५,०००. वीज ४० वॉट, रोज १० तास, म्हणजे महिन्याला १२ युनिट. युनिट १० रुपये धरलं आणि वर्षातले सहा महिने मशीन चाललं, तर वर्षाला ७२०, तीन वर्षांत २,१६०. एकूण १७ हजारांच्या वर. म्हणून मशीनच्या किमतीआधी फिल्टरची किंमत विचारा, आणि तो तुमच्या गावात मिळतो का ते तपासा. फिल्टर सहसा वॉरंटीत नसतो. रस्त्यालगतच्या घरात तो सहा-आठ महिन्यांतही बदलावा लागतो.

मशीन घरी आल्यावर मागचं झाकण उघडा. नवा फिल्टर बऱ्याचदा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असतो. ती पिशवी न काढताच मशीन चालवणारी घरं आहेत आणि पडद्यावर तरीही हिरवा दिवा दिसत राहतो. मशीन भिंतीला चिकटवून ठेवू नका, चालू असताना खिडक्या बंद ठेवा. ओझोन सोडणारी मशीन, ‘आयन’वाली लॉकेटं, सुगंधी फवारे, मिठाचे दिवे यांवर पैसे घालू नका. ओझोन तर फुप्फुसांना अपायकारकच आहे.

आणि झाडं. १९८९ च्या नासाच्या प्रयोगात झाडांनी हवेतले काही वायू शोषले होते, पण तो प्रयोग छोट्या सीलबंद पेटीत झाला होता. नंतरच्या संशोधकांनी घराचा हिशेब मांडला तेव्हा, खिडकीतून सहज होणाऱ्या बदलाची बरोबरी करायला चौरस मीटरमागे किमान १० झाडं लागतील असं निघालं. मनीप्लांट हौस म्हणून जरूर लावा. ‘हवा शुद्ध करणारी पाच झाडं’ असा तीन हजारांचा संच मात्र घेऊ नका.

फसलात तर

बिल जीएसटीसह घ्या. जाहिरातीचा फोटो, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, बसवणाऱ्याने लिहून दिलेला हिशेब जपून ठेवा. आधी विक्रेत्याला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करा, तिथे पैसे लागत नाहीत. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्याही तक्रार दाखल होते. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क शून्य, आणि वकील सक्तीचा नाही. तक्रारीला मुदत मात्र २ वर्षांचीच आहे.